माघस्नान आणि शरीरधर्म

(व्याख्यानाचा संपादित पाठ)

पौष पौर्णिमेला प्रयागच्या वाळवंटात तंबूंचे एक नगर उभे राहते आणि माघ पौर्णिमेपर्यंत ते नांदते. या महिनाभराच्या व्रताला कल्पवास म्हणतात. कल्पवासी भूमीवर शयन करतो, दिवसातून एकदा सात्त्विक भोजन घेतो, कथाकीर्तनात काळ घालवतो आणि पहाटेच्या अंधारात गंगेत उतरून स्नान करतो. जानेवारीतील त्या पहाटे प्रयागचे तापमान अनेकदा दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले असते. नदीवर धुके असते, वारा बोचरा असतो. या व्रतींत मोठा भरणा असतो तो खेड्यापाड्यांतून आलेल्या उतारवयातील स्त्री-पुरुषांचा. वैद्यकशास्त्र ज्यांना थंडीपासून सर्वाधिक जपायला सांगते, नेमकी तीच माणसे वर्षातील सर्वांत थंड पाण्यात श्रद्धेने उतरतात.

या दृश्याकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या समाजात रूढ आहेत. पहिली रीत कुत्सितपणाची. 'ही अंधश्रद्धा आहे, आरोग्याशी खेळ आहे', असे म्हणून ती मोकळी होते. दुसरी रीत भाबडेपणाची. 'गंगामाईच्या पाण्याने कधी कुणाचे वाईट झाले आहे का?' असे विचारून तीही मोकळी होते. दोन्ही रीतींमध्ये विचार करण्याचे कष्ट टाळलेले आहेत. परंपरेवर प्रेम असणाऱ्याने तिसरा मार्ग पत्करला पाहिजे. थंड पाण्याने शरीरात नेमके काय घडते, लाभ कोणता आणि धोका कोठे, आणि आपल्या शास्त्रकारांनी त्याचा विचार कसा केला होता, हे त्याने जाणून घेतले पाहिजे. हा प्रश्न केवळ बौद्धिक नाही, कारण त्याच्याशी माणसांचे प्राण जोडलेले आहेत.

हवेची थंडी आणि पाण्याची थंडी

वीस अंशांच्या हवेत माणूस साध्या सदऱ्यावर सुखाने वावरतो. वीस अंशांच्या पाण्यात तोच माणूस थोड्याच वेळात कुडकुडू लागतो. याचे कारण साधे आहे. पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णतावाहक आहे. शिवाय त्याची उष्णता सामावून घेण्याची शक्ती फार मोठी आहे. हवेत त्वचेलगतचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो आणि पांघरुणासारखा काम करतो. वाहत्या पाण्यात हे पांघरूण टिकत नाही. नदी ते क्षणोक्षणी ओढून नेते.

शरीराच्या आत, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत या मर्मस्थानांत, ३७ अंशांच्या आसपासचे तापमान राखणे हा जीवनाचा नियम आहे. त्यासाठी शरीर पहिला उपाय योजते तो रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचा. त्वचेतील, हातापायांतील रक्त आत ओढून घेतले जाते. बोटे पांढरी पडतात. परकीय आक्रमण झाले असता गावकुसाबाहेरची वस्ती सोडून सर्वांनी गडाचे दार लावून घ्यावे, तसा हा प्रकार असतो. गड वाचतो, पण गडाच्या आत गर्दी होते. आत लोटलेल्या रक्तामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर भार येतो. थंड पाण्यात उतरल्यावर वारंवार लघवीची भावना होते ती याच कारणाने. आत वाढलेले रक्त पाहून शरीर द्रवाचा साठा कमी करू लागते.

पहिली तीन मिनिटे

'टायटॅनिक' जहाज १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे उत्तर अटलांटिक महासागरात बुडाले. सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. समुद्राचे तापमान शून्याच्या खाली होते. पाण्यात पडलेल्या अनेकांच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट होते, समुद्र शांत होता, आणि मदतीचे जहाज पावणेदोन तासांच्या आत तेथे पोहोचले. तरीही पाण्यातील बहुतेक माणसे वाचली नाहीत. त्यांना जगाने 'बुडून मेलेले' म्हटले. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांना थंडीने मारले होते. हे उमगल्यानंतर पुढील अनेक दशके समज असा राहिला, की थंड पाण्यातील माणूस शरीर हळूहळू गारठत जाऊन मरतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने या समजुतीला मोठी दुरुस्ती सुचवली. ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठातील माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की थंड पाण्यातील अनेक मृत्यू शरीर गारठण्याच्या फार आधी, अगदी पहिल्या दोन-तीन मिनिटांतच घडतात. या पहिल्या प्रतिक्रियेला शीत-आघात म्हणता येईल. त्वचा एकदम थंड होताच माणसाचा श्वास आपोआप आत ओढला जातो. हा आचका दोन-तीन लिटर हवेचा असू शकतो. त्या क्षणी नाकतोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत जाते. पाठोपाठ श्वासाची गती कित्येक पटींनी वाढते. एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणारा माणूस अशा वेळी दहा सेकंदही तो रोखू शकत नाही. नाडी धावू लागते, रक्तदाब उसळतो. ही लाट पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. विशेष म्हणजे, त्यासाठी पाणी बर्फासारखे असावे लागत नाही. पंधरा अंशांच्या पाण्यातही ती पुरती तीव्र असू शकते.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. चेहरा थंड पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला गेला, की हृदयाची गती मंदावते. हा जलचर प्राण्यांप्रमाणेच मनुष्यातही असलेला स्वाभाविक प्रतिसाद आहे. आता स्थिती अशी होते, की अंगाच्या त्वचेकडून हृदयाला 'धाव' असा आदेश जातो आणि चेहऱ्याकडून 'थांब' असा. एका घोड्याला एकाच वेळी टाच मारावी आणि लगाम खेचावा, तसे हे आहे. निरोगी हृदयात यामुळे काही ठोके चुकतात आणि सारे पूर्ववत होते. परंतु ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, किंवा ठोक्यांच्या लयीत मुळातच दोष आहे, त्याला हा ताण प्राणघातक ठरू शकतो. टिप्टन आणि मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये या संघर्षाची सविस्तर मांडणी केली. अशा मृत्यूनंतर शवविच्छेदनात लयीतील बिघाडाचा मागमूस उरत नाही. त्यामुळे नोंद 'बुडून मृत्यू' किंवा 'हृदयविकार' एवढीच होते आणि थंड पाण्याचा त्यातील वाटा कागदावर येत नाही.

१४ जानेवारी २०२५ रोजी, महाकुंभातील मकरसंक्रांतीच्या पर्वावर, सोलापूरचे माजी महापौर महेश कोठे यांचे प्रयागराज येथे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. महाराष्ट्रात त्या वार्तेने अनेकांना चटका लागला. एका विशिष्ट मृत्यूचे कारण दुरून ठरवू नये, आणि हृदयविकार कोठेही गाठू शकतो. परंतु उतारवय, प्रवासाचा शीण, अपुरी झोप, पहाटेची थंडी आणि थंड पाण्यातील बुडी ही पाच कारणे ज्या ठिकाणी एकत्र येतात, तेथे सावधपण हवे, हे सांगण्यासाठी वैद्य असावे लागत नाही.

अर्धा तास आणि त्यानंतर

शीत-आघात ओसरला, की पुढची पायरी हातापायांची. दहा ते तीस मिनिटांत स्नायू आणि मज्जातंतू थंड होऊन त्यांचे काम मंदावते. बोटांची पकड सुटते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारता येईनासा होतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली जाणे, म्हणजे खरा गारठा, ही त्यानंतरची अवस्था. अगदी बर्फाळ पाण्यातही प्रौढ माणसाला तेथवर पोहोचण्यास साधारणपणे अर्धा तास लागतो. आरंभी जोराची थरथर असते. तापमान ३२ अंशांच्या आसपास आले की थरथर थांबते, बोलणे अडखळते, भान हरपू लागते. २८ अंशांच्या खाली हृदयाची लय केव्हाही तुटू शकते.

तीर्थस्नान करणारा मनुष्य अर्धा तास पाण्यात राहत नाही. तो तीन बुड्या मारतो, अर्घ्य देतो आणि बाहेर येतो. म्हणून त्याच्या दृष्टीने धोक्याच्या जागा दोन : पाण्यात शिरण्याचा क्षण आणि पाण्याबाहेर आल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे.

काठावरचा धोका

थंडीच्या दिवसांत पहाटे नदीचे पाणी पुष्कळदा हवेपेक्षा उबदार असते. त्यामुळे बुडी मारल्यावर क्षणभर 'पाणी कोमट आहे' असा अनुभव अनेकजण सांगतात. खरी थंडी वाट पाहत असते ती काठावर. ओल्या अंगावरून वारा वाहिला की पाण्याची वाफ होऊ लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. धोतरात किंवा नऊवारी लुगड्यात सहज अर्धा लिटर पाणी साठून राहते. ते अंगावरच वाळू दिले, तर लागणारी उष्णता होते सुमारे २९० किलोकॅलरी, म्हणजे एका बेताच्या जेवणाइतकी. त्यातील बराच भाग शरीराच्या ठेव्यातून जातो. उपवासाच्या, वयोवृद्ध, कृश शरीरापाशी तो ठेवा मुळातच तुटपुंजा असतो. शिवाय बाहेर आल्यानंतरही काही काळ आतले तापमान उतरतच राहते, कारण गार पडलेल्या हातापायांची थंडी आत सरकत असते. 'पाण्यात काही झाले नाही, बाहेर आल्यावर भोवळ आली' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

या ठिकाणी एक सामाजिक उणीव उघडी पडते. पुरुष चारचौघांत पंचा गुंडाळून कोरडे होतात. स्त्रियांना ती सोय नसते. आडोसा सापडेपर्यंत, सोबतच्या मंडळींची भेट होईपर्यंत, आमच्या आयाबहिणी ओल्या वस्त्रानिशी वाऱ्यात उभ्या असतात. वस्त्रांतराची पुरेशी, जवळची, बंदिस्त व्यवस्था ही शालीनतेची गरज आहेच. त्याचबरोबर ती प्राणरक्षणाची गरज आहे. शंभर उपदेशांपेक्षा घाटालगतचे दहा आडोसे अधिक माणसे वाचवतील.

अभ्यासाचे सामर्थ्य

मग कल्पवासी महिनाभर कसे टिकतात? याचे उत्तर 'अभ्यास' या एका शब्दात आहे. प्रयोगांत असे आढळले आहे, की थंड पाण्यात केवळ दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा वेळा बुड्या घेतल्या, तरी शीत-आघाताची तीव्रता जवळजवळ निम्मी होते. श्वास तितका उसळत नाही, नाडी तितकी धावत नाही. ही सवय अंगी भिनली की तिचा काही अंश वर्षभरानंतरही शिल्लक राहतो. जो माणूस कार्तिकापासून पहाटेच्या गार पाण्याने स्नान करीत आला आहे आणि माघात गंगेत उतरतो, त्याचे शरीर या परीक्षेला ओळखते. जो मुंबईच्या दमट हवेत रोज कढत पाण्याने स्नान करतो, रात्रभर प्रवास करून पहाटे घाटावर पोहोचतो आणि उत्साहाच्या भरात थेट उडी घेतो, त्याचे शरीर तिला ओळखत नाही. श्रद्धा दोघांची सारखीच असेल. तयारी सारखी नाही.

अभ्यासाने माणूस कोठवर पोहोचतो, याची उदाहरणे थोडी नाहीत. मिहिर सेन यांनी २७ सप्टेंबर १९५८ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा ते सुमारे पावणेपंधरा तास त्या गार पाण्यात होते. पुढच्याच वर्षी २९ सप्टेंबरला आरती साहा यांनी तोच पराक्रम केला आणि असे करणारी पहिली आशियाई महिला हा मान मिळवला. अमेरिकेतील हर्बर्ट बेन्सन यांनी धर्मशाळा येथे तुम्मो साधना करणाऱ्या तिबेटी साधकांच्या शरीराची मोजमापे घेतली. साधनेच्या काळात त्यांच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंशांपर्यंत वाढल्याची नोंद १९८२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ही वाढ बोटांतील होती, संपूर्ण शरीराची नव्हे. तरीही जी क्रिया अनैच्छिक मानली जात होती तिच्यावर साधनेने काही अंशी ताबा मिळू शकतो, हे त्यातून दिसले.

दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावर हेन्यो नावाच्या पाणबुड्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या समुद्रतळाचे शिंपले वेचतात. पूर्वी त्या साध्या सुती वस्त्रांत, हिवाळ्यात दहा अंशांच्या पाण्यातही बुड्या मारीत. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीराची उष्णता निर्माण करण्याची गती लक्षणीय वाढलेली आढळली. १९७० च्या दशकात त्यांनी उबदार रबरी पोशाख वापरायला आरंभ केला. त्यानंतर काही वर्षांतच हे विशेष सामर्थ्य मावळले. पोशाख वापरला यात काही गैर नाही. त्यांचे कष्ट त्यामुळे हलके झाले. पण घेण्यासारखा बोध असा, की शरीराचे बळ वारशाने मिळून पडून राहत नाही. ते रोजच्या अभ्यासाने टिकते आणि अभ्यास सुटला की निघून जाते. व्यक्तीला लागू असलेला हा नियम समाजालाही लागू आहे.

लाभ किती, दावे किती

थंड पाण्याच्या स्नानाचे आज पाश्चात्त्य देशांत मोठे कौतुक चालले आहे. बर्फाच्या टबात बसण्याची टूम तेथून महानगरांत आली आहे. 'आमच्याकडे हे पूर्वीपासून होते' असे म्हणून आनंदित होण्यापूर्वी प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो, ते पाहिले पाहिजे.

नेदरलँडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३०१८ माणसांनी भाग घेतला. त्यांतील काही गटांनी महिनाभर नेहमीच्या गरम स्नानाच्या शेवटी तीस, साठ किंवा नव्वद सेकंद गार पाण्याचा फवारा घेतला. गार पाणी घेणाऱ्यांचे आजारपणामुळे कामावर गैरहजर राहण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. आजारी पडण्याचे दिवस मात्र कमी झाले नव्हते. आजार येत होता. माणसे त्यातही उभी राहत होती. आणखी एक गोष्ट : तीस सेकंद घेणारा आणि नव्वद सेकंद घेणारा यांच्या लाभात फरक नव्हता. अधिक कष्ट म्हणजे अधिक फळ, हे समीकरण येथे चालले नाही. प्रयोगात गंभीर आजार असलेल्यांना घेतलेले नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

२००९ मध्ये प्रौढ माणसांतही उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी कार्यरत असते आणि थंडीने ती जागृत होते, हे सिद्ध झाले. तिच्यामुळे मधुमेह किंवा स्थूलता आटोक्यात येईल काय, यावर संशोधन चालू आहे. निर्णायक उत्तर हाती आलेले नाही. व्यायाम करणाऱ्या तरुणांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले, की वजने उचलण्याच्या व्यायामानंतर लगेच थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू न बसणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. तेव्हा आखाड्यातून उठून थेट बर्फाच्या टबात बसणे हे बलोपासनेचे साधन नव्हे.

वाळवंटातील समाज

माघमेळ्याचे सर्वांत मोठे रहस्य कदाचित पाण्यात नाहीच. अलाहाबाद विद्यापीठातील आणि ब्रिटनमधील विद्यापीठांतील संशोधकांनी मिळून या मेळ्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण यांची तुलना आहे. मेळ्याच्या एक महिना आधी आणि एक महिना नंतर दोन्ही गटांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारण्यात आले. गोंगाट, गर्दी, थंडी, जमिनीवरची झोप हे सारे सोसून परतलेल्या कल्पवाशांनी आपली प्रकृती सुधारल्याचे सांगितले. हे त्यांचे स्वतःचे कथन होते, प्रयोगशाळेतील तपासणी नव्हती. पण ते एका-दोघांचे नव्हते.

याच संशोधनमालिकेत २०१४ मध्ये केवळ थंडीवर लिहिलेला एक निबंध आहे. कल्पवाशांना थंडी जाणवत नाही, असे त्यात आढळले नाही. थंडी त्यांना पुरेपूर जाणवते. मात्र 'आपण कल्पवासी आहोत' या जाणिवेमुळे तिला अर्थ येतो. शेजारचा तंबू, सोबतीचे भजन, परस्परांची विचारपूस यांनी ती सोसवते. एकट्याला जे कष्ट वाटतात, ते समाजाचा घटक झाल्यावर तप होतात. आपलेपणाची ही ऊब मोजण्याचे यंत्र नाही. तिचा परिणाम मात्र या अभ्यासकांना दिसला.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. आपलेपणा सहनशक्ती वाढवतो. तो अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद करीत नाही. उलट, उत्साहाच्या लाटेत माणूस शरीराने दिलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष करण्याचा संभव असतो. म्हणून ज्याच्यापाशी सामूहिक श्रद्धेचे बळ आहे, त्याच्यावर सामूहिक दक्षतेची जबाबदारीही येते.

शास्त्रकारांचा विवेक

आपल्या पूर्वजांनी ही दक्षता कशी घेतली होती? त्यांना हृदयाचे विद्युत्-आलेख ठाऊक होते, असा दावा करण्याची काही आवश्यकता नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे सूक्ष्म निरीक्षण हेच त्यांचे साधन होते आणि ते पुरेसे गौरवास्पद आहे. सुश्रुतसंहिता सांगते, की थंडीच्या काळात अतिशय थंड पाण्याचे स्नान कफ आणि वात यांचा प्रकोप करते, आणि उन्हाळ्यातील अतिशय उष्ण पाण्याचे स्नान पित्त व रक्त वाढवते. अष्टांगहृदयात भोजनानंतर लगेच स्नान करू नये, तसेच अर्दितवात, अतिसार, पीनस, अजीर्ण अशा विकारांत स्नान वर्ज्य समजावे, असे सांगितले आहे. आपल्याकडे दिवाळीच्या थंडीत पहाटे तेल-उटणे लावून ऊन पाण्याने अभ्यंगस्नान करण्याची रीत आहे, तिच्यातही ऋतूनुसार वागण्याचा हाच विवेक दिसतो. थंड पाणी सर्वांना, सर्वकाळ हितकर, असे आयुर्वेदाने कधीच म्हटलेले नाही.

स्नानाचा विधीही पाहण्यासारखा आहे. नदीत उडी घेणे हा विधी नाही. आधी नदीला वंदन, पाय लागतो म्हणून तिची क्षमा मागणे, उथळ पाण्यात उभे राहून संकल्प, आचमन, मस्तकावर मार्जन, आणि मग बुडी. या क्रमात दोन-चार मिनिटे जातात. पाय, हात, मुख, मस्तक यांना टप्प्याटप्प्याने थंडीची ओळख होते आणि श्वास स्थिरावतो. हा हेतू मनात धरूनच विधी रचला गेला, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु शीत-आघात टाळण्यासाठी आजचा तज्ज्ञ जे सांगतो, त्याच्याशी हा क्रम जुळतो, एवढे निश्चित. घाई करून विधी मोडणारा परंपरा आणि विज्ञान या दोघांचीही अवज्ञा करतो.

आणि जो आजारी आहे, त्याचे काय? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात स्नानाच्या प्रकारांचा सविस्तर विचार आहे. परंपरेने जलात केलेल्या वारुण स्नानाबरोबर मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य आणि मानस अशीही स्नाने मानली आहेत. मंत्राने प्रोक्षण, भस्माचा लेप, ओल्या वस्त्राने अंग पुसणे, मनात ईश्वराचे चिंतन यांनीही अशक्त मनुष्याची शुद्धी होते. धर्माने रोग्याला दारातून परत पाठवलेले नाही. त्याच्यासाठी दुसरे दार उघडे ठेवले आहे. बदरीनाथाला सुमारे ३१०० मीटर उंचीवर यात्रेकरू दर्शनापूर्वी स्नान करतात ते तप्तकुंडाच्या ऊन पाण्यात. त्या उंचीवर, विरळ हवेत, अलकनंदेच्या हिमजलात बुडी मारण्याचा आग्रह कोणी धरत नाही. तेव्हा हृदयविकार असलेल्या वडिलांना 'आता एवढ्या लांब आलात, तीन बुड्या माराच' असा आग्रह करणारा मुलगा पुण्य जोडत नसतो. काठावर बसवून, तांब्यातील पाण्याने मस्तकावर प्रोक्षण करणारा मुलगा अधिक शास्त्रोक्त वागत असतो.

सेवाव्रतींचे कर्तव्य

२०१९ आणि २०२५ च्या कुंभांत 'सक्षम'च्या पुढाकाराने नेत्रकुंभ भरला. लक्षावधी यात्रेकरूंची नेत्रतपासणी झाली, चष्मे दिले गेले. सेवेची ही दृष्टी स्नानघाटापर्यंतही पोहोचली पाहिजे. स्नानापूर्वी रक्तदाब मोजण्याची साधी सोय, छातीत दुखते काय, दम लागतो काय, एवढे दोन प्रश्न विचारणारा कार्यकर्ता, आणि 'आज प्रोक्षणच करा, आजोबा' असे प्रेमाने सांगण्याचे धैर्य, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

घाटावर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला काही गोष्टी पाठ असाव्यात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, दमा, अपस्मार असलेल्यांनी बुडी मारण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घेतलेला असावा. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, त्यांना थंडीचा अंदाज येत नाही. कोणीही एकट्याने उतरू नये. आधी पाय, मग हात, तोंड, मस्तक भिजवावे. श्वास शांत झाल्यावरच बुडी मारावी आणि थोडक्यात बाहेर यावे. अंग लगेच कोरडे करावे, डोके आणि कान झाकावेत, गरम गोड पेय घ्यावे. पाण्यात अचानक पडल्यास पहिली दोन-तीन मिनिटे पोहण्याची धडपड न करता तोंड वर ठेवून तरंगत राहावे. श्वास आवरला की काठाकडे वळावे.

गारठलेल्या माणसाला आडवे ठेवावे, ओली वस्त्रे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, चालायला लावू नये, मद्य देऊ नये. शेकोटीच्या अगदी जवळ नेऊ नये, कारण बधिर त्वचा भाजल्याचे कळत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करावे, आणि माणूस गार पडला आहे एवढ्यावरून आशा सोडू नये. नॉर्वेत १९९९ मध्ये बर्फाखाली अडकलेल्या एका तरुण महिला डॉक्टरच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. अथक प्रयत्नांनंतर त्या वाचल्या आणि पुन्हा कामावर रुजू झाल्या.

२०२६-२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थातील मुख्य स्नाने पावसाळ्यातील. तेथे थंडीपेक्षा प्रवाह, निसरड्या पायऱ्या आणि गर्दी यांचा विचार अधिक करावा लागतो. पण शरीरधर्म ओळखून श्रद्धेची सेवा करण्याचे सूत्र तेथेही तेच. प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेले कार्यकर्ते पर्वाच्या आदल्या दिवशी निर्माण होत नाहीत. नगरानगरांत, वस्तीवस्तीत हे वर्ग आधीपासून चालले पाहिजेत.

थंड पाण्यात उतरणे ही मर्दुमकीची पैज नव्हे आणि अडाणीपणाही नव्हे. ते एक व्रत आहे. व्रताला संकल्प लागतो, तसा अभ्यासही लागतो, आणि स्वतःच्या व शेजाऱ्याच्या मर्यादेचे भानही. कोट्यवधींची श्रद्धा हे या समाजाचे सामर्थ्य आहे. त्या श्रद्धेने नदीत उतरलेला प्रत्येक वृद्ध कोरड्या वस्त्रांत, उबदार अंगाने आपल्या गावी परत जाईल, एवढी व्यवस्था करणे हे त्या सामर्थ्याचे उत्तरदायित्व आहे.